चिंचोके, ताट आणि हरवलेला सहा

पत्र थोडक्यात असं: ठाण्यातल्या एका आजींनी लिहिलंय. वय 67. नौपाड्यातली त्यांची जुनी इमारत पाडून नवी व्हायला घेतली, तेव्हापासून त्या घोडबंदर रोडला मुलाकडे राहतात. मुलगा-सून दोघंही नोकरीला. सून लोकलने ठाण्याला उतरून, पुढे रिक्षाच्या रांगेत उभी राहून घरी पोचेपर्यंत साडेआठ होतात. तोवर पाचवीतल्या नातीचा अभ्यास आजींकडे. नात इंग्रजी माध्यमात. शाळेत सध्या फॅक्टर्स, म्हणजे विभाजक, चालू आहेत. आजींनी चिंचोके काढले, ताटात रांगा मांडून 24 चे, 30 चे विभाजक शोधायला शिकवले. नातीला गंमत वाटली. पण चाचणीत ‘36 चे सगळे फॅक्टर्स लिहा’ या प्रश्नाला तिने 1, 2, 3, 4, 9, 12, 18, 36 असं उत्तर लिहिलं. सहा राहिला, मार्क गेला. सून म्हणाली, “आई, पेपरला चिंचोके नेता येणार नाहीत. एकेक आकड्याने भागत जायचं, बस. तुमच्या पद्धतीने वेळही जातो आणि सुटतंही.” आता शनिवारचा गणिताचा क्लास लावायचं घाटतंय. आजी विचारतात, ‘मी माघार घेऊ, की माझी पद्धत बरोबर आहे हे ठामपणे सांगू? आमच्या वेळी असंच शिकलो असं म्हटलं की घरात सगळे गप्प होतात, आणि ते गप्प होणं मला सलतं.’

नमस्कार काकू,

तुमचं पत्र वाचलं आणि आधी स्वयंपाकघरात गेले. चिंचोके आमच्याकडे नाहीत, राजमा आहे. 36 दाणे मोजून घेतले आणि मांडायला बसले. एकच रांग 36 ची, ती ताटात मावेना म्हणून ओट्यावर. मग दोन रांगा अठरा-अठराच्या. तीन बाराच्या. चार नवाच्या. पाच करायला गेले तर एक दाणा हातात राहिला. मग सहा रांगा सहाच्या, आणि तिथे चौरस झाला. ताट फिरवून बघितलं, तरी तोच चौरस.

तुमच्या नातीचा सहा इथेच हरवलाय, असं मला वाटतं.

तिचं उत्तर पुन्हा एकदा बघा. चार सुटलेला नाही, अठरा सुटलेला नाही. ज्या मुलांना हा धडा जमलेला नसतो ती 36 ला 1, 4, 6, 9, 36 असं काहीतरी लिहून पेन खाली ठेवतात. कारण पाढे म्हणताना 36 त्यांना भेटतो तो चार, सहा, नऊ या ठिकाणी. 12 आणि 18 त्यांच्या ध्यानीमनीही नसतात. तुमच्या नातीने 18 लिहिलाय. म्हणजे तिने दोन रांगा डोळ्यांसमोर आणल्या आणि एकेका रांगेत किती ते मोजलं. ती जोड्या लावत होती: एकाशी 36, दोनाशी 18, तिनाशी 12, चाराशी 9. पुढे सहा आला आणि त्याचा जोडीदार निघाला सहाच. ‘ही कसली जोडी?’ असं तिला वाटलं असणार. हा माझा अंदाज. खरं काय ते तिलाच विचारा, पण ‘सहा कसा गं विसरलीस?’ असं नको. ‘सहाजवळ आल्यावर काय झालं?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला मुलं ‘सॉरी’ म्हणतात. दुसऱ्याला कधीकधी उत्तर देतात.

मी 26 वर्षं शाळेत गणित शिकवलं. सुरुवातीच्या वर्षांत अशा उत्तरावर लाल रेघ मारून मी पुढे गेले असते. असते कशाला, गेलेच. पन्नास वह्यांचा गठ्ठा समोर असला की कुठला सहा का सुटला याची चौकशी कोण करतंय! ती सवड तुमच्याकडे आहे, शाळेकडे नाही.

आता तुमचा प्रश्न. माघार घेऊ की ठाम राहू, असं तुम्ही विचारता तेव्हा एक गोष्ट गृहीत धरता: घरात दोन पद्धती आहेत, एक तुमची, एक सूनबाईंची, आणि त्यातली एकच खरी. मला तशा दोन दिसतच नाहीत. सूनबाई एकेका आकड्याने भागत जायला सांगतात, तुम्ही एकेक रांग वाढवत जायला सांगता. त्या म्हणतात ‘36 भागिले 4, बाकी शून्य’. तुमच्याकडे चार रांगा पुऱ्या होतात आणि मुठीत चिंचोका उरत नाही. काम एकच. तुमच्या पद्धतीत ताटाचा आवाज होतो, एवढाच फरक. तेव्हा कोणी कोणाला हरवायचं हा प्रश्न बाजूला ठेवू. ताटातलं वहीत कसं उतरवायचं, हा खरा प्रश्न आहे. आणि त्या बाबतीत सूनबाईंचं म्हणणं खोटं नाही. पेपरला चिंचोके नेता येत नाहीत, आणि वहीत क्रम नसेल तर काहीतरी सुटतंच.

‘आमच्या वेळी असंच शिकलो’ हे वाक्य मात्र सोडून द्या. त्याने तुमचीच बाजू लंगडी होते. आमच्या वेळी छड्याही खाल्ल्या, त्या काय चांगल्या होत्या?

तुम्ही रांगा मांडायला शिकवलंत ते फार बरं केलंत. पुष्कळ घरांत वाटणी म्हटलं की ढीग करतात, आणि ढिगात एक अडचण असते. बघा, 24 लाडू सहा डब्यांत सारखे भरायचे असतील तर आपण प्रत्येक डब्यात एकेक टाकत फिरतो, शेवटी एकेका डब्यात चार होतात. पण 24 लाडवांचे सहा-सहाचे पुडे करायचे असतील तर एका वेळी सहा उचलून पुडा बांधतो, पुडे चार होतात. उत्तर दोन्हीकडे चारच. हातांची चाल मात्र वेगळी, आणि लहान मुलाला या दोन अगदी निराळ्या गोष्टी वाटतात. ‘किती जणांत?’ आणि ‘किती-कितीचे?’ हे एकाच नाण्याचे छाप आणि काटा आहेत, हे ढिगांवरून कळत नाही. रांगांवरून कळतं. सहा रांगा चाराच्या मांडल्या की ताट पाव वळण फिरवायचं, चार रांगा सहाच्या झाल्या. एकही चिंचोका जागचा हलला नाही आणि दोन विभाजक हाती लागले. घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या इतर वाचकांनाही मी हेच सांगेन: ढीग नको, रांगा मांडा, आणि ताट फिरवायचं काम मुलाकडे द्या.

6 × 6 चं ताट फिरवलं तर नवीन काही मिळत नाही. म्हणून 36 चे विभाजक नऊ, विषम. 24 चे आठ, 30 चे आठ, 84 चे बारा, सगळे सम, कारण तिथे प्रत्येकाला वेगळा जोडीदार आहे. ज्यांचा चौरस होतो, 4, 9, 16, 25, 36, त्यांच्याच विभाजकांची संख्या विषम निघते. हे तुम्ही सांगू नका. पावसाच्या एखाद्या संध्याकाळी बाटल्यांची 20 झाकणं ओळीने पालथी मांडा. पहिल्या फेरीत प्रत्येक झाकण उलटायचं. दुसऱ्या फेरीत दर दुसरं, म्हणजे 2, 4, 6 असं. तिसऱ्या फेरीत दर तिसरं. असं विसाव्या फेरीपर्यंत. शेवटी उताणी राहतात फक्त 1, 4, 9 आणि 16. का, ते तिला शोधू दे. बाराव्या क्रमांकाचं झाकण किती वेळा उलटलं ते मोज, एवढी खूण पुरे. नाही सापडलं तर झाकणं खिडकीत तशीच राहू द्या, चार दिवसांनी सापडेल.

आता तुमच्या शिकवण्यातली एक उणीव सांगते, रागावू नका. पत्रात तुम्ही कुठले कुठले आकडे दिले ते लिहिलंय: 12, 20, 24, 30, नंतर 36. सगळे शहाण्या मुलासारखे. वाटू तसे वाटले जाणारे. आपण मोठी माणसं शिकवताना असे गोड आकडे निवडतो, मुलीचा हिरमोड नको म्हणून. पण त्याने तिला उगाच वाटायला लागतं की वाटणी नेहमी पुरी व्हायलाच हवी, आणि हातात काही उरलं तर आपलंच चुकलं. उद्या तिला 23 चिंचोके द्या. दोन रांगा, एक उरला. तीन, दोन उरले. चार, तीन उरले. पाच, पुन्हा तीन. आमच्या वर्गात एका मुलाने 17 बिया मांडून मांडून शेवटी एकच लांब रांग केली आणि म्हणाला, “बाई, हा हट्टी आहे.” तेव्हापासून मूळ संख्या म्हटलं की माझ्या तोंडी आधी ‘हट्टी’ येतं. आणि 1 दिला तर? त्याचा विभाजक एकच, तो स्वतः. मूळ संख्येला बरोब्बर दोन लागतात, म्हणून 1 मूळ नाही आणि संयुक्तही नाही. शाळेत हे एका ओळीत पाठ करून घेतात. ताटात एकटा चिंचोका ठेवला की पाठ करायचं काही राहत नाही.

काही आकडे नुसते हट्टी दिसतात. 51 घ्या. लग्नात 51 रुपयांचं पाकीट आपण किती वेळा दिलं, पण हा आकडा तिघांत पुरा वाटला जातो, 17-17. 91 तर भल्याभल्यांना फसवतो: 7 × 13. मात्र 11 आणि 101 खरेच हट्टी. आहेर एकसंध राहावा म्हणून कोणी असं ठरवलं असेल असं मी म्हणत नाही, पण नातीला हे सांगा, खूश होईल. आणि गणपतीला 21 मोदक होतात तेव्हा ते वाटायचं काम तिच्याकडे द्या. तुम्ही घरात चार माणसं. पाच-पाच देऊन एक उरतो. तो कोणाचा, यावर जे भांडण होईल ती बाकी. शेजारचे तिघं आले आणि सातजण झालात, तर तीन-तीन देऊन ताट रिकामं.

हो, पण मोदकाने एक घोळ होतो. उरलेला मोदक मोडून अर्धा-अर्धा करता येतो. पोळीचं तेच, केकचं तेच. मग मुलं म्हणतात, ‘आजी, पाचाने पण होतंय की! उरलेल्याचे तुकडे करू.’ ती काही खोटं बोलत नाहीत, तो अपूर्णांकांचा धडा झाला. विभाजक शोधताना न मोडणारी वस्तू हवी: चिंचोके, बटणं, झाकणं, नाणी. तुमची निवड इथेही बरोबर. चिंचोका काही आपण तोडत बसत नाही.

आता वही. मी सांगते तसं आठवडाभर करून बघा, ताट आणि वही शेजारी-शेजारी ठेवून. 84 घेऊ, कारण तो जरा मोठा आहे आणि 84 चिंचोके मांडायचा तिलाच कंटाळा येईल. कंटाळा आला की माणूस वहीकडे वळतं, तो येऊ द्यावा.

वहीच्या ओळीत अगदी डावीकडे 1 आणि अगदी उजवीकडे 84. मधे भरपूर जागा. मग आतल्या बाजूला 2 आणि 42. मग 3 आणि 28. मग 4 आणि 21. पाचाने जमत नाही. 6 आणि 14. 7 आणि 12. आठाने नाही, नवाने नाही. दोन्ही टोकांकडून आकडे एकमेकांकडे चालत येतात, जसे फलाटाच्या दोन्ही जिन्यांवरून लोक उतरतात आणि मधे गर्दी होते. थांबायचं कुठे? इथेच मुलं अडतात आणि इथेच सूनबाईंना वेळ जाईल अशी भीती वाटते. 84 साठी 84 पर्यंत भागत बसायची गरज नाही. नऊ नव्वे एक्क्याऐंशी, दाहे दाहे शंभर. 84 दोहोंच्या मधे आला. म्हणजे नवापर्यंत तपासलं की काम संपलं. दहा किंवा त्याहून मोठा विभाजक असेलच, तर त्याचा जोडीदार दहाहून लहान असणार, आणि तो आधीच लिहून झालेला असणार. 36 साठी सहापर्यंत. तिथे 6 चा जोडीदार 6, तो बरोब्बर मधे, एकदाच लिहायचा. असं लिहायची सवय लागली की तिचा सहा पुन्हा हरवणार नाही, कारण मधली जागा रिकामी दिसेल.

पाढ्यांबद्दल एक बोलायलाच हवं. सूनबाईंनी विचारलं असेल, हिचे 20 पर्यंत पाढे पाठ आहेत, मग अडते कुठे? पाढा पुढे चालतो. बारा साते चौऱ्याऐंशी, हे तिला झोपेत येतं. विभाजक शोधताना 84 वर उभं राहून मागे वळून बघायचं असतं, मी कुठल्या कुठल्या वाटांनी इथे आले म्हणून. रोज स्टेशनवरून घरी येणाऱ्या माणसाला ‘तुमच्या घरापासून कुठे कुठे जाता येतं?’ विचारलं तर तो क्षणभर थांबतोच. त्याचा सराव निराळा करावा लागतो, आणि तो वाटणीतूनच चांगला होतो.

3 ने आणि 9 ने भाग जातो की नाही, यासाठी अंकांची बेरीज करायची युक्ती तिला शाळेत सांगितली असेल, नसेल तर लवकरच सांगतील. ती का चालते हे मात्र बहुधा कोणी सांगत नाही. तुमच्या बटव्यातल्या पैशांनी दाखवता येईल. 84 रुपये: दहाच्या आठ नोटा आणि रुपयाची चार नाणी. तिघांत वाटायचे. एकेक नोट सुटी केली. दहातले तीन-तीन रुपये तिघांना दिले, एक हातात राहिला. दुसरी नोट, पुन्हा एक राहिला. आठ नोटांचे मिळून आठ रुपये राहिले, आणि सुटे चार होतेच. आठ आणि चार बारा. बारा तिघांत पुरे वाटले जातात, म्हणून 84 ही वाटले जातात. आठ नोटा म्हणजे आठ उरलेले रुपये, एवढंच त्या बेरजेचं गुपित. आता तेच नऊ जणांत करा: दर नोटेतला एकेक रुपया नवांना, एक उरला. पुन्हा बाराच उरले, पण बारा नऊ जणांत पुरे होत नाहीत. म्हणून 84 ला 3 ने भाग जातो, 9 ने नाही. शंभराच्या नोटेचंही तसंच: 99 वाटले, एक उरला. हे एकदा हाताने केलेली मुलगी ती युक्ती विसरत नाही, आणि विसरली तरी पुन्हा काढू शकते. माझ्या मते या पत्रातलं सगळ्यात कामाचं हेच, बाकी सोडलंत तरी हे करा.

पैशावरून आठवलं. रुपया शंभर पैशांचा झाला 1 एप्रिल 1957 ला. तुम्ही त्याच्या आगेमागेच जन्मलेल्या. तुमच्या आईला आणेवारी तोंडपाठ असणार: रुपयाचे 16 आणे, आण्याचे 4 पैसे, पैशाच्या 3 पै. म्हणजे रुपयाच्या 192 पै. तो रुपया तिघा भावंडांत वाटला तर प्रत्येकी 64 पै, पाच आणे चार पै, हिशोब चोख. आताच्या रुपयाचे तिघांत 33-33 पैसे होऊन एक पैसा लोंबकळत राहतो. पण भावंडं पाच असतील तर उलट: 100 पैसे वीस-वीस पुरे होतात, 192 पै होत नाहीत. दोनपैकी कुठला रुपया बरा, असं नातीला विचारा. दोन्ही बाजूंनी बोलता येईल असे प्रश्न गणितात फार कमी मिळतात.

सूनबाईंना यात ओढा. मी तर म्हणेन, घरातली खरी अडचण चिंचोक्यांची नाहीच. त्या साडेआठला दारात येतात तेव्हा मुलीची सगळी संध्याकाळ उरकलेली असते आणि त्यांच्या वाट्याला फक्त चाचणीचा पेपर येतो, लाल रेघेसकट. तुमच्या ताटातली गंमत त्यांनी कधी पाहिलेलीच नाही. त्यांना सांगा, येताना गाडीतून रोज एक आकडा पाठवा. बसायला जागा मिळाली नाही तरी एवढ्याला एक अंगठा पुरतो. त्या येईपर्यंत मुलगी त्या आकड्याचे विभाजक काढून ठेवेल, आणि जेवताना आईने एकच बघायचं: सगळे आले का? तपासायचं काम त्यांचं, मांडायचं तुमचं. आकडा कुठलाही चालेल, डब्यांचासुद्धा. बारा डब्यांच्या लोकलचे विभाजक सहा: 1, 2, 3, 4, 6, 12. पंधरा डब्यांच्या लोकलचे चारच: 1, 3, 5, 15. गाडी लांब असली म्हणून विभाजक जास्त असतात असं नाही, हे त्या मायलेकींना बोलता बोलता सापडेल.

शब्दांची काळजी करू नका. तुम्ही विभाजक म्हणा, ती फॅक्टर म्हणेल. बाकी आणि रिमेंडर, निःशेष आणि ‘एक्झॅक्टली’. दोन्ही नावं माहीत असणं हा तिचा फायदाच. घोळ होतो तो विभाजक आणि विभाज्य यांत, इंग्रजीत फॅक्टर आणि मल्टिपल. 24 चे विभाजक ताटात मावतात, मोजून आठ. 24 चे विभाज्य म्हणजे 24, 48, 72 असा पाढा, तो काही संपत नाही. संपतो तो विभाजक, चालतच राहतो तो विभाज्य, एवढं पुरे.

एखादा रविवार मोकळा असला तर ठाण्याहून पनवेलची गाडी पकडा आणि बेलापूरला उतरा. तिथल्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये तिला फिरवून आणा. चार्ल्स कोरिया या वास्तुविशारदांनी 1980 च्या दशकात ही वसाहत आखली. कल्पना अशी: सात घरांच्या मधे एक छोटं अंगण, साधारण आठ मीटर लांब-रुंद. अशी तीन अंगणं मिळून 21 घरं, त्यांच्या मधे जरा मोठी मोकळी जागा. असे तीन गट मिळून पुढचा मोठा गट, म्हणजे 63 घरं. आता पुष्कळ घरांवर मजले चढलेत, आखणी पहिल्यासारखी स्वच्छ दिसत नाही, पण अंगणं शोधता येतात. घरी आल्यावर 63 चे विभाजक काढायला सांगा: 1, 3, 7, 9, 21, 63. त्यातले सात आणि एकवीस तिने पायाने चालून पाहिलेले असतील. नऊ कुठे होता, असं तिला विचारा.

आणि द. रा. कापरेकरांची गोष्ट सांगा. जन्म 1905 चा, डहाणूचा. माध्यमिक शाळा आपल्या ठाण्यातली. पुढे देवळालीला शाळामास्तर झाले आणि आयुष्यभर आकड्यांशी खेळले. 121, 12321 अशा डेम्लो संख्या त्यांना डोंबिवली स्टेशनवर सुचल्या, म्हणून ते नाव! तुमच्या नातीच्या उपयोगाच्या आहेत त्या त्यांच्या हर्षद संख्या: ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पुरा भाग जातो ती हर्षद, आनंद देणारी. 21 घ्या, बेरीज 3, भाग जातो. 84, बेरीज 12, जातो. 23, बेरीज 5, नाही जात. तुमच्या टॉवरमधल्या दारांवरचे आकडे तपासत जायला सांगा: 504 हर्षद आहे, 503 नाही. कापरेकरांचा प्रसिद्ध आकडा 6174, तोही हर्षद आहे. अंकांची बेरीज 18, आणि 18 गुणिले 343 म्हणजे 6174. लिफ्टची वाट बघताना हे छान चालतं.

राहिला क्लास. एका सहापायी शनिवारची सकाळ घालवावी असं मला वाटत नाही, पण हा निर्णय आई-वडिलांचा आहे, तुमचा नाही, माझा तर नाहीच. तुम्ही एवढंच मागा: तीन आठवडे द्या. टोकांकडून आत लिहायची पद्धत आणि आईचा रोजचा आकडा एवढं तीन आठवडे करू, मग पाहू. त्यानंतरही त्यांना क्लास लावावासा वाटला तर हसून लावू द्या. क्लासला चिंचोके चालत नसतील, पण क्लासहून आल्यावर ताट घरातच असेल. पुढे मसावि येईल तेव्हा ते पुन्हा काढावंच लागणार आहे: 36 लाडू आणि 48 चिक्क्या, एकही न उरता सगळ्या पुड्या सारख्या बांधायच्या, तर जास्तीत जास्त पुड्या किती? बारा. प्रत्येकीत तीन लाडू, चार चिक्क्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हे तुम्ही कित्येक वर्षं करत आलात, त्याला मसावि म्हणतात एवढंच कोणी सांगितलं नव्हतं.

गेलेला मार्क मागायला शाळेत जाऊ नका. आज संध्याकाळी नातीसमोर 36 चिंचोके ठेवा आणि पहिल्यापासून सगळ्या रांगा मांडू द्या. सहाचा चौरस झाला की ताट तिलाच फिरवू द्या, तुम्ही काही बोलू नका. तिचं बघून झालं की डब्यातून आणखी एक चिंचोका काढा, तिच्या तळहातावर ठेवा, आणि चहा टाकायला आत जा.